गाडी लागते, की धूर लागतो?

(एक विद्यार्थिनी, बी. ए. द्वितीय वर्ष)

आपल्या भागात 'गाडी लागणे' हा एक सर्वमान्य आजार आहे. त्यावरचे उपायही तितकेच सर्वमान्य! कोणी लिंबू हुंगते, कोणी आवळासुपारी तोंडात धरते, कोणी पदराचा बोळा नाकाशी दाबून डोळे मिटून बसते. कोणाला गाडी लागावी आणि कोणाला लागू नये, हे जणू सटवाईने कपाळी लिहून ठेवलेले असते. ज्याला लागते त्याने मुकाट्याने खिडकीबाहेर डोके काढावे, ज्याला लागत नाही त्याने त्याला हसावे आणि गाडी पुढे जावी, असा रिवाज पडून गेला आहे.

मला या रिवाजाबद्दल एक शंका आहे. आपण 'गाडी लागली' म्हणतो तेव्हा लागते ती खरोखर गाडीच असते, की पुष्कळदा तिचा धूर असतो? खाचखळग्यांच्या रस्त्याने, गर्दीने, रिकाम्या पोटाने मळमळते हे मी नाकारीत नाही. पण तीच बाई, तोच रस्ता, तेच पोट. एका जीपमध्ये तिला काही होत नाही आणि दुसऱ्या जीपमध्ये तालुक्याला पोचेपर्यंत तिचे डोके फुटू लागते, हे मी अनेकदा पाहिले आहे. अशा वेळी दोष त्या बाईच्या कपाळाचा नसून गाडीच्या फुटक्या सायलेन्सरचा असावा, असे मला वाटते.

हा विषय ऐकून एक मैत्रीण म्हणाली, "अगं, हुंड्यावर लिही, निसर्गावर लिही. सायलेन्सर हा काय आर्ट्‌सवाल्यांचा विषय आहे?" मला मात्र तो अगदी आपला विषय वाटतो. माझे बाबा गेली अनेक वर्षे काळी-पिवळी चालवतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. ती पायरी मी त्याच जीपच्या मागच्या बाकावर बसून गाठते, आणि माझ्यासारखे कितीतरी जण असेच येतात. ज्या गाडीने ज्ञानमंदिरापर्यंत आणले, तिच्या पोटात काय चालले आहे याचा विचार ज्ञानमंदिरात करू नये, असे थोडेच आहे?

आपले दोन्ही जिल्हे म्हणजे मूळचा एकच चांदा जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला. वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती या नद्या आणि मधले अफाट जंगल. गडचिरोली जिल्ह्यात वर्षानुवर्षे रेल्वेचे स्टेशन म्हणजे फक्त वडसा. सिरोंच्याहून जिल्ह्याच्या गावी यायचे म्हणजे सुमारे २०० किलोमीटर. अशा मुलखात जिथे एस. टी. दिवसातून एकदोनदाच येते, तिथे माणसाला आधार काळी-पिवळीचाच. महिंद्राची कमांडर, मार्शल, मॅक्स, नाहीतर ट्रॅक्स. शहरात ज्या गाड्या केव्हाच भंगारात गेल्या, त्या आमच्याकडे अजून बाजाराचा दिवस साजरा करतात. माघ-फाल्गुनात मिरची तोडायला तेलंगणात निघालेले मजूर, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर जाणारी माणसे, दवाखान्यात निघालेली बाळंतीण, पेपर द्यायला निघालेला विद्यार्थी, सगळे याच गाडीत. २०२१-२२ मध्ये एस. टी.चा संप महिनोन्‌महिने चालला, तेव्हा या जुन्या जीपांनीच रस्ते चालू ठेवले होते, हे विसरून चालणार नाही.

आता या गाडीच्या पोटात डोकावू. इंजिनात डिझेल जळते. जळालेला वायू आधी बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये येतो, तेथून पुढच्या नळीने खाली उतरतो, मग सायलेन्सरच्या डब्यात शिरतो आणि शेवटी टेलपाइपने मागे बाहेर पडतो. मॅनिफोल्ड आणि नळी यांच्यामध्ये फ्लँज, फ्लँजमध्ये गॅस्केट, आणि सगळी नळी चेसिसला रबराच्या हँगरने टांगलेली. रस्ता खराब असला की ही टांगलेली नळी झोके घेते, हँगर तुटतो, सगळा भार फ्लँजवर येतो आणि गॅस्केट जळते. दुसरा शत्रू म्हणजे गंज. तो बाहेरून चिखलपाण्याने लागतो हे सर्वांना दिसते. आतूनही लागतो हे फार थोड्यांना माहीत असते. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते. दहा-बारा किलोमीटरच्या छोट्या फेऱ्यांत डबा पुरता तापत नाही, वाफेचे पाणी आतच साचते, आणि त्यात धुरातला गंधकाचा अंश मिसळून ते पत्रा खाऊ लागते. म्हणून लांब पल्ल्याच्या ट्रकपेक्षा गावातल्या गावात फिरणाऱ्या जीपचा सायलेन्सर लवकर कुजतो. डब्याच्या तळाशी कंपनीने एक बारीक छिद्र ठेवलेले असेल तर ते या पाण्याला वाट देण्यासाठी असते. त्याला 'लिकेज' समजून ते बुजवणे म्हणजे रोग्याचे औषधच बंद करणे होय.

गळती कोठे आहे यावर सगळे अवलंबून आहे. टेलपाइपच्या अगदी टोकाशी भोक पडले तर आवाज वाढतो, त्रास बेताचा होतो. पण गळती फ्लँजपाशी किंवा बाकाखालच्या नळीत असली, तर धूर फ्लोअरच्या भोकांतून, गिअरच्या फाटक्या रबरातून थेट आत येतो. "खिडक्या उघड्या आहेत की, हवा खेळते," असे ड्रायव्हर सांगतात. पण चालत्या गाडीच्या मागे हवेची एक पोकळी तयार होते आणि ती मागचा धूर आत ओढते. मागचा रेक्झिनचा पडदा अर्धा उघडा असला की धुराला जणू आमंत्रणच! म्हणून गंजून किंवा कापून आखूड झालेला टेलपाइप, जो मागच्या बंपरपर्यंत पोचत नाही, तोसुद्धा माझ्या मते गळतीच आहे. आणि त्या मागच्या समोरासमोरच्या बाकांवर कोण बसते? पुढची जागा पुरुषांची, मागची बायकांची आणि मुलांची. धूर कोणाच्या वाट्याला येतो, हे वेगळे सांगायला नको.

डिझेलच्या इंजिनात पेट्रोलपेक्षा कार्बन मोनॉक्साइड कमी तयार होतो, हे खरे आहे. "डिझेलचा धूर मारत नाही," हे वाक्य गॅरेजमध्ये ऐकू येते ते यामुळेच. पण कमी म्हणजे नाहीच असे नव्हे. एअर फिल्टर चोंदलेला, पंप बिघडलेला आणि माणसे दुप्पट भरलेली, अशा गाडीत तो वाढतो. त्याला वास नाही, रंग नाही. आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होणे, मळमळणे, चक्कर येणे, ही त्याची पहिली लक्षणे. वाचकहो, ही यादी 'गाडी लागण्या'च्या यादीशी ताडून पाहा! शिवाय डिझेलच्या धुरात डोळे झोंबवणारे वायू असतात आणि फुप्फुसात खोलवर शिरणारी काजळी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेल इंजिनाचा धूर मानवाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. प्रवासी तासाभराने उतरून जातो. पण ड्रायव्हर? तो दिवसाचे दहा तास त्याच धुरावर बसलेला असतो. बाबांचा सकाळचा खोकला आमच्या घरात कोंबड्याच्या आरवण्याइतकाच ठरलेला आहे. त्याचे कारण धूरच आहे, असे डॉक्टरांनी सांगितलेले नाही आणि मीही सांगणार नाही. पण तो खोकला ऐकत मी हा लेख लिहीत आहे.

खरे म्हणजे धुराचे भय आपल्याला नवे नाही. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली ती चुलीच्या धुरातून बायकांची सुटका व्हावी म्हणून. चंद्रपूरची हवा तर देशभर गाजली. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने चंद्रपूरला ८३.८८ गुण देऊन अतिप्रदूषित क्षेत्रांत बसवले. महाऔष्णिक वीज केंद्राच्या धुरांड्यांवर आपण वक्तृत्वस्पर्धा घेतो, निबंध लिहितो. ते योग्यच आहे. पण आकाशातले धुरांडे दिसते आणि बुडाखालचे दिसत नाही, याला काय म्हणावे?

याचे एक कारण नावातच आहे, असे मला वाटते. 'सायलेन्सर' म्हणजे आवाज बंद करणारा. म्हणजे तो फुटला तर बिघडते काय, तर फक्त आवाज! केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातील १२० वा नियमही सायलेन्सरची ओळख आवाज कमी करणारे साधन म्हणूनच करून देतो. आपण त्याला 'गाडीचे धुरांडे' म्हटले असते, तर कदाचित त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली असती. घराचे धुरांडे मध्येच फुटून धूर माजघरात शिरला, तर कोणी "नुसता आवाज येतो" असे म्हणत नाही.

दुसरे कारण म्हणजे प्रमाणपत्र. पी. यू. सी. काढताना यंत्राची नळी टेलपाइपच्या मागच्या टोकात घालतात आणि ॲक्सिलरेटर दाबून तेथून निघणाऱ्या धुराचा काळेपणा मोजतात. वाटेत जो धूर गळून आमच्या बाकाखाली गेला, तो त्या यंत्राला दिसत नाही. म्हणजे गाडी पास आणि प्रवासी नापास! आठ वर्षांपुढच्या व्यवसायाच्या गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावे लागते. त्या वेळी कोणी वाकून खाली पाहिले तर हा प्रश्न दहा मिनिटांचा आहे. पण वाकायचे कोणी?

वाकणे कठीण नाही. सकाळी इंजिन गार असताना ते सुरू करावे. फ्लँजपाशी गळती असेल तर 'टिक्‌ टिक्‌' किंवा 'फट्‌ फट्‌' असा आवाज येतो आणि लोखंड तापून फुगले की पुष्कळदा तो थांबतो. म्हणूनच दुपारी मिस्त्रीकडे नेलेली गाडी साळसूद वागते. जिथून धूर गळतो तिथे काजळीचा काळा पट्टा उमटलेला असतो. जाड ओले फडके टेलपाइपच्या तोंडाशी क्षणभर धरले तर धूर दुसरी वाट शोधतो आणि गळतीची जागा फुसफुसते. हे सर्व उघड्यावर करावे, शेडमध्ये नव्हे. आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. ठोकळे लावल्याशिवाय खाली जाणे म्हणजे जीव टांगणीला लावणे होय.

आता मुख्य मुद्दा, दुरुस्ती करावी की बदलावे? आपल्याकडे दुरुस्तीच्या नाना तऱ्हा आहेत. तेलाच्या डब्याचा पत्रा गुंडाळून तार आवळतात. घरच्या नळाची गळती बुजवण्याचा मसाला फासतात. तो इतक्या उष्णतेत तडकून गळून पडतो. काही ठिकाणी ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळतात, आणि ॲस्बेस्टॉस हेही कर्करोगाच्या त्याच पहिल्या गटात आहे. म्हणजे आगीतून फुफाट्यात! कोणी पाण्याच्या जी. आय. पाइपाचा तुकडा वेल्डिंग करून बसवतो. त्या पाइपावरचे जस्त जळून जो पांढरा धूर निघतो, त्याने वेल्डिंग करणाऱ्या पोराला रात्री थंडी वाजून ताप भरतो. ते पोर बहुधा माझ्याच वयाचे असते, आणि दहावीला शाळा सुटलेले असते.

मी जोडकामाच्या विरुद्ध नाही. आमच्या घरात शाल, बादली आणि चप्पल सर्वच जोडलेले आहे. पण कोठे जोडावे आणि कोठे जोडू नये, याला काही नियम असावा. बाबा आणि त्यांचे मिस्त्री यांच्याशी वाद घालत घालत मी जो नियम काढला, तो असा: बाकांच्या मागे असेल ते जोडावे, बाकांच्या खाली आणि पुढे असेल ते बदलावे.

टेलपाइपला भोक पडले, तर कुजलेला भाग शाबूत लोखंडापर्यंत कापून त्यावर चांगल्या नळीची बाही चढवून वेल्डिंग करावे. हे प्रामाणिक काम आहे. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार मात्र काढावी. हँगर तुटला असेल तर त्याच दिवशी नवा रबर लावावा. कारण बाकीची सगळी दुखणी तेथूनच सुरू होतात. फ्लँजचे गॅस्केट जळले तर नवेच घालावे, जुने उलटे करून बसवू नये. फ्लँज वाकडी झाली असेल तर लेथवर सपाट करून घ्यावी, नाहीतर नवे गॅस्केटही महिन्याभरात जळते. नट सारखे आवळावे आणि एकदोन फेऱ्या झाल्यावर गार गाडीत पुन्हा एकदा आवळावे. पण पुढची नळी जागोजाग पातळ झाली असेल, डबा बोटाने दाबून चुरा होत असेल किंवा बिडाच्या मॅनिफोल्डला तडा गेला असेल, तर तेथे ठिगळ म्हणजे फसवणूक. बीड नीट तापवून, खास कांडीने जोडल्याशिवाय टिकत नाही, आणि जोडले तरी पुन्हा तडकण्याचा संभव फार. ते बदलणेच शेवटी स्वस्त पडते.

बाबांचे म्हणणे वेगळे आहे, आणि ते येथे सांगितले नाही तर अन्याय होईल. ते म्हणतात, "व पोरी, गाडी ओढते ना? मंग काहून खोलाची? एक दिवस गाडी उभी रायली म्हणजे घर उभं रायते." हे काही हट्टाचे बोलणे नव्हे. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची नळी गळली तरी ओढण्यात फारसा फरक पडत नाही. क्लच गेला तर गाडी थांबते, टायर गेला तर थांबते. सायलेन्सर गेला तर गाडी चालूच राहते. म्हणून गरिबाच्या खर्चाच्या यादीत तो नेहमी शेवटी येतो. शिवाय १७ मार्च २०२३ पासून एस. टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले. ती सवलत मीही घेते आणि ती हवीच. पण जिथे एस. टी. जाते तेथल्या काळी-पिवळीच्या बायका सवाऱ्या कमी झाल्या, हेही सत्य आहे. ड्रायव्हरला नुसता उपदेश करून सायलेन्सर बदलला जाणार नाही.

मग काही शहाणे म्हणतात, ही खटारगाडीच मोडीत काढा! २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी केली होती, तसे येथेही करा. दिल्लीत मेट्रो आहे. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटेचा पूर आला की रस्ताच बंद होतो. नवी बी. एस. सहा गाडी अधिक स्वच्छ आहे यात शंका नाही, आणि एक दिवस तीच यावी. पण ती घेण्याची ऐपत येईपर्यंत मागच्या बाकावरच्या बाईने श्वास रोखून बसावे काय? गाडी बदलणे लाखांचे काम आहे. गॅस्केट बदलणे काही प्रवाशांच्या भाड्याचे काम आहे. मोठी सुधारणा होत नाही म्हणून छोटी अडवून ठेवणे, हा आपल्या समाजाचा जुनाच दोष आहे.

जंगलाचाही विचार करावा. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आपल्याकडे वणव्याचा हंगाम. नेमक्या याच दिवसांत मोहफुलासाठी, तेंदूपत्त्यासाठी जीपा आडवाटेला शिरतात आणि गुडघाभर वाळल्या गवतात, पानगळीवर उभ्या राहतात. फुटक्या नळीतून तप्त वायू थेट खाली फेकला जातो. वणव्यासाठी आणखी काय हवे?

तेव्हा करायचे काय? माझ्या अल्प बुद्धीला तीन गोष्टी सुचतात. जीपचालकांच्या प्रत्येक स्टँडवर सर्वांनी मिळून गॅस्केट, हँगर आणि क्लँप यांचा छोटा साठा ठेवावा, म्हणजे पाच रुपयांच्या रबरासाठी दिवस बुडाला अशी सबब उरणार नाही. फिटनेस देताना अधिकाऱ्यांनी टेलपाइपचे टोक सोडून बाकाखालची नळी पाहावी. आणि आपण प्रवाशांनी बोलावे. भाड्यावरून आपण हुज्जत घालतो, जागेवरून भांडतो. "दादा, गाडीत धूर येतो, नळी पाहून घ्या जी," एवढे मात्र म्हणत नाही. स्टँडवरच्या सर्व सवाऱ्यांनी आठवडाभर रोज एवढे म्हटले, तर जे प्रमाणपत्राला जमले नाही ते होईल, असा माझा विश्वास आहे.

बाबांनी मागल्या महिन्यात पुढची नळी बदलली. डबा अजून जुनाच आहे. तो दिवाळीनंतर, असे ठरले आहे. मागच्या बाकावर कोणाला आता गाडी लागतच नाही, असे मी म्हणणार नाही. रस्ता तोच आहे. पण लागली, तर ती निदान गाडीच असेल.